रुळाची घंटा

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

हाजरा येऊन गेला, रेल्वे इन्स्टिट्यूटचा सेक्रेटरी. चहा दोनदा घेतला. ख्रिसमसचा केक अजून मुरतोय म्हटल्यावर हिरमुसला, मग बिस्किटांवर भागवलं.

यंदा बॉक्सिंगच्या चार जंक्शन ढालीचं पन्नासावं वर्ष आहे म्हणे. ‘म्हणे’ कशाला, मला त्याच्याहून जास्त ठाऊक आहे. चौतीस साली सुरू झाली, युद्धात दोनदा आणि सत्तेचाळीसला एकदा बुडाली. आता स्मरणिका काढायची आहे आणि तिच्यात स्पर्धेचा इतिहास मी लिहायचा.

“अंकल, पहिल्या वर्षी रिंगमध्ये उतरलेलं पालझुरीत आता तुमच्याशिवाय कोण उरलंय?”

कौतुकानं म्हणाला. उरलंय म्हणजे काय?

मी म्हटलं, बाबा, मी सातवीत शाळा सोडली, इंजिनात कोळसा टाकत आलो, मला काय लिहिता येणार? तर म्हणतो, साधंच लिहा, भाषा मी बघून घेईन. त्याची भाषा मला माहीत आहे. टाकी धुणार, दोन दिवस नळ बंद — ही नोटीससुद्धा त्यानं ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशी सुरू केली होती.

ही वही डॉक्टर सेननी लिहायला लावली आहे. काळज्या कागदावर उतरवा, बायकोला सांगत बसू नका, दोघांचाही रक्तदाब उतरेल. डल्सीचा उतरलाय.

४ नोव्हेंबर

झोप नाही. इतिहास लिहायचा म्हणजे चौतीस सालची फायनल आली. फायनल आली म्हणजे क्लिफी आला.

७ नोव्हेंबर

सुरुवात केली. निब नवीन घातलं.

इंजिन शेडचा फोरमन हार्ग्रीव्ह्ज नावाचा गोरा होता. कँटीनच्या मागे रोज ड्रायव्हर-फायरमनांची मारामारी व्हायची. ती बंद करायची त्याची ताकद नव्हती, म्हणून त्यानं तिला वेळापत्रक लावलं. आसनसोल, खरगपूर, चक्रधरपूर आणि आम्ही — चारही जंक्शनांना कळवलं, डिसेंबरात या आणि नियमानं मारा. ही स्पर्धेची स्थापना. हाजरा ‘उदात्त हेतू’ घालणार, पैजेवर सांगतो.

रिंग म्हणजे वॅगनवरची ताडपत्री, खाली तेलकट चिंध्या. पडलं की आठवडाभर पाठीला शेडचा वास. दोर गार्डच्या डब्यातले. हातमोजे सगळ्या स्पर्धेला मिळून चारच जोड, त्यामुळे आपले हात आधीच्याच्या घामात घालायचे. डॉक्टर म्हणून मोठ्या साहेबाच्या घोड्यांचा डॉक्टर. तो आधी दात बघायचा.

दहा ठोक्यांची चालही हार्ग्रीव्ह्जचीच. आपल्या खेळाडूंपैकी वर्षभरात जो गेला असेल, त्याचं नाव पहिल्या दिवशी घ्यायचं, सगळ्यांनी उभं राहायचं आणि घंटेचे दहा ठोके द्यायचे. पडलेल्या माणसावर रेफ्री मोजतो तसे, सावकाश. दहा झाले की माणूस मोजला गेला. मग सगळे बसतात आणि शेंगदाणेवाला आत येतो.

डल्सीला वाचून दाखवलं. म्हणाली, “छान आहे. पण यात माझा भाऊ कुठाय?”

म्हटलं, येईल.

१२ नोव्हेंबर

आज फक्त फायनल लिहिली.

फायनल मी आणि क्लिफी हॅमंड. दोघंही पालझुरीचे. मी एकोणीस, तो बावीस. तिसऱ्या फेरीत मी पुढे होतो. हे मी म्हणतोय म्हणून नाही, तेव्हा सगळेच म्हणत होते. ते सगळे आता वारले किंवा ऑस्ट्रेलियात गेले, तो काही माझा दोष नाही.

घंटा शाळेची, पितळी, हातात धरून हलवायची. टेबलाशी टुलीमास्तर. फेरीची वेळ संपली, त्यानं घंटा हलवली, आणि नेमकी तेव्हाच शेडमधल्या इंजिनानं शिट्टी मारली. तरी मला घंटा ऐकू आली. मी हात खाली घेतले आणि माझ्या कोपऱ्याकडे वळलो. तेवढ्यात क्लिफीचा उजवा हात माझ्या जबड्यावर!

ताडपत्रीवर पडून मी रेफ्रीचे दहाच्या दहा आकडे ऐकले. उठता काही आलं नाही.

मग वाद. टुली म्हणाला, वाजवली होती. रेफ्री म्हणाला, शिट्टीत काही कळलं नाही. क्लिफीला विचारलं. तो मान वाकडी करून उभा, ओठावर ते हसू. म्हणाला, “घंटा झालीच नाही.”

झालीच नाही! टुलीचं टेबल त्याच्या डाव्या हाताला होतं. इतकं जवळ की घंटेचा वारा त्याला लागला असेल. पण हार्ग्रीव्ह्जच्या घरी पाहुणे जेवायचे थांबले होते. ढाल क्लिफीला देऊन टाकली.

पुढे मी त्याच्याच बहिणीशी लग्न केलं. नऊ वर्षं त्याच्याच इंजिनावर फायरमन होतो. मेल गाडीवर डावीकडे ड्रायव्हरच्या जागी तो, उजवीकडे मी. एकदाही विचारलं नाही. उत्तर वाईट आलं असतं तर काय, खाली उतरून चालत घरी येणार होतो?

१३ नोव्हेंबर

काल क्लिफीचं नाव लिहिल्यापासून सगळं वर येतंय.

तो बोलताना नेहमी उजवा गाल पुढे करायचा, जणू समोरच्यानं पापा घ्यावा. मुलींना तो रुबाब वाटायचा. झोपायचा तर मेल्यासारखा. रात्रपाळीला बोलावायला माणूस यायचा, दार बडवून थकायचा, शेवटी डल्सी आत जाऊन त्याच्या पायाचा अंगठा ओढायची. लाडावलेला!

आणि इंजिनावर सिग्नल मोठ्यानं सांगायचा नियम असतो. मी सांगितला की हा सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असा म्हणायचा, “जोरात बोल की ऑब, मुंगी शिंकल्यासारखं काय बोलतोस?” मी ओरडायला शिकलो. डल्सी अजून म्हणते, मीठ मागतोस ते सिग्नल पडल्यासारखं.

अठ्ठावन्नला टुली गेला आणि घंटा माझ्याकडे आली. पहिलं काम काय केलं, तर रुळांच्या यार्डातून हातभर रुळाचा तुकडा आणला, लोखंडी चौकटीला टांगला. त्यावर कांब बसली की आवाज पार कब्रस्तानापर्यंत जातो. आता म्हणा, झालीच नाही!

क्लिफी एकोणसत्तरला निवृत्त होऊन पर्थला गेला. तोवर दरवर्षी येऊन पहिल्या रांगेत बसायचा. दरवर्षी हसून म्हणायचा, “वा ऑब, घंटा असावी तर अशी.” टोमणा! त्याला काय वाटलं, मला कळत नाही?

१९ नोव्हेंबर

हाजराला कागद दिले. उभ्या उभ्या वाचले. ‘घंटा झाल्यानंतर मारले’ इथे थांबला, चष्मा पुसला, परत वाचलं.

“अंकल, हे जरा… यंदाचे प्रमुख पाहुणे तेच आहेत ना.”

मला पत्ताच नव्हता! कमिटीनं पर्थला कळवलं, क्लिफी हो म्हणाला, तिकीट काढलं, वीस डिसेंबरला येतोय. आमची मुलगी ग्लेनिस तिकडेच राहते, ती त्याला घेऊन येणार. उतरणार आमच्या घरी. डल्सीला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. तुला आधी सांगितलं असतं तर आधीपासून घोर लावून घेतला असतास, म्हणते.

लावलाच असता.

२८ नोव्हेंबर

डल्सी गाद्या उन्हात घालतेय. आल्याची वाइन बाटल्यांत भरली. व्हिनेगर नवीन आणलं, भावाला तिच्या हातचं विंदालू हवं असतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो, बाळ नाही.

मी ठरवलंय. समोरासमोर विचारायचं. कसं, याची मशिदीमागच्या रस्त्यावर फिरताना तालीम करतो. हसत विचारावं की नको? जेवणाआधी की नंतर? ‘ऐकू आली होती’ म्हणाला तर काय करायचं? ‘नव्हती’ म्हणाला तर विश्वास ठेवायचा का? शेजारच्या मित्रबाबूंनी मला एकट्याला बोलताना पाहिलं. पाऊस येईल का, असं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो. नोव्हेंबरात कसला पाऊस!

६ डिसेंबर

मित्रबाबूंकडे ट्रंक कॉल आला. ग्लेनिस. क्लिफी गेला. दुपारचं जेवला, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. त्यांना आधी वाटलं, नेहमीसारखा झोपलाय.

फोन डल्सीच्या हातात होता. तिनं मला काही सांगायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आता विचारू कोणाला.

इथे लिहितोय कारण इथे कोणी वाचत नाही.

९ डिसेंबर

हाजरा भेटायला आला. दुःख होतंच, पण आत कुठेतरी समाधानही दिसलं. ढालीचा पहिला विजेता, पन्नासावं वर्ष, आणि स्मरणिका अजून छापायची आहे! काळी चौकट, पूर्ण पान फोटो. मोठे साहेब स्वतः दोन शब्द बोलणार. दहा ठोके यंदा फक्त क्लिफीसाठी. ते अर्थात मीच द्यायचे, मेहुणा म्हणूनही आणि घंटावाला म्हणूनही.

माझ्या त्या वाक्याचं विचारलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, “अंकल, गेलेल्या माणसाबद्दल आता काय छापायचं?”

जिवंत होता तेव्हा पाहुणा म्हणून नाही. मेला तर मेला म्हणून नाही. मग लबाड माणसाबद्दल लिहायचं तरी कधी?

१५ डिसेंबर

डल्सी शांत आहे. काळा झगा काढून ठेवलाय, कॉलर बदलून घेतली. त्याच्यासाठी गाद्या उन्हात घातल्या होत्या, त्यावर आता चादरी तशाच आहेत. काढू का विचारलं, नको म्हणाली.

मी विचार करतोय ठोक्यांचा. एवढ्या वर्षांत मी कितीजणांना दहा दिले. चांगले, वाईट, उधारी बुडवणारे — हात कधी अडला नाही. माझ्यासाठी कोण देणार हा घोर मला आहेच. हाजराची पोरं घाईत देतील, कढई बडवल्यासारखे. पण आज वेगळाच घोर.

दहा म्हणजे माणसाला मान. नऊपर्यंत तो नुसता पडलेला असतो.

चौतीस साली माझ्यावर दहा मोजले गेले. त्यातला एक तरी माझा परत यायला हवा.

२० डिसेंबर

आज तो यायचा होता. स्टेशनवर उगीच जाऊन आलो.

२५ डिसेंबर

चर्च. डल्सी बाकाच्या डाव्या टोकाला बसली, क्लिफीच्या जुन्या जागी. तो कधी मध्ये बसायचा नाही, कायम त्या टोकाला, साहेबासारखा. केक चांगला झालाय. घास उतरत नाही.

२६ डिसेंबर

दिला नाही!

आल्यापासून बसलोय. नीट लिहितो.

संध्याकाळी मैदान भरलेलं. मोठे साहेब क्लिफीबद्दल बोलले. त्याला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं, म्हणून भाषण छान झालं. स्मरणिका वाटली. माझा इतिहास दीड पान. उदात्त हेतू आहेच. फायनलबद्दल असं: ‘अत्यंत चुरशीच्या लढतीत श्री. हॅमंड विजयी ठरले. श्री. लॅझरो यांनीही चांगली झुंज दिली.’ यांनीही!

सगळे उभे राहिले. डल्सी पहिल्या रांगेत, काळ्या झग्यात, हात पोटाशी. मी कांब उचलली. एक. दोन. अंतर नेहमीचं, बरोबर. पाच-सहाला वाटलं की द्यावेत दहा, सोडून द्यावं. सातला ‘यांनीही’ आठवलं. आठ. नऊ. आणि मी कांब खाली ठेवली.

कोणी बसेना. सगळे वाट बघत उभे. एक जण खोकला. हाजरा भुवया उंचावून माझ्याकडे बघतोय, मी ट्यूबलाइटवरच्या किड्यांकडे. शेवटी मोठे साहेब बसले, मग लोकही बसले. सर्वांत शेवटी डल्सी. तीही लगेच नाही.

हाजरा कानाशी आला. “अंकल, एक राहिला.”

“मी मोजलेत,” म्हटलं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचा हिशोब चुकला असं वाटलं त्याला! पुढल्या वर्षी कलकत्त्याहून विजेची घंटा आणू म्हणाला, तुम्हाला त्रास नको. उभ्या आयुष्यात एकदा मुद्दाम केलं, आणि लोक म्हणतात विसरला.

२७ डिसेंबर

डल्सी बोलत नाही. खिम्याच्या गोळ्यांची बॉल करी आणि पिवळा भात पुढ्यात ठेवला, निघून गेली. मीठ बरोबर होतं. मागायचीही सोय नाही.

२८ डिसेंबर

आज फायनलच्या लढती. माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. बोलणं नाही. हलक्या वजनात आसनसोलच्या पोरानं ढाल नेली. घंटा झाली की थांबतात पोरं. बिचारी साधी.

तिनं ठोके मोजले असतील का? सगळ्या गर्दीत एकटीनं मोजले असतील तर?

३० डिसेंबर

सकाळी चहा ठेवता ठेवता डल्सी बोलली. चढ्या आवाजात नाही, मटार सोलत असल्यासारखी.

“क्लिफीला डावा कान नव्हता, ऑब. चार वर्षांचा असताना गोवर झाला, त्यात गेला.”

मला वाटलं आपणच नीट ऐकलं नाही.

कंपनीच्या मेडिकलला डॉक्टर कानाशी घड्याळ धरून विचारायचा, टिकटिक येते का. क्लिफी दोन्हीकडे येते म्हणाला. झाला फायरमन. चौतीस साली घंटा ऐकू आली नाही म्हणाला असता, तर दुसऱ्या दिवशी परत त्याच डॉक्टरसमोर उभा केला असता, आणि या वेळी डॉक्टरनं घड्याळ बंद करून विचारलं असतं. घरात वडील नाहीत, आई आणि या चौघी बहिणी. “म्हणून लबाड म्हणवून घेतलं. ते परवडलं.”

मला का नाही सांगितलं? माझा आवाज मोठा झाला असणार, शेजारचं कुत्रं भुंकलं.

“तुला? तू इंजिनावर चढला असतास त्याच्या, एक दिवस तरी?”

नऊ वर्षं. मेल गाडी. रात्री, धुकं, दामोदरचा पूल. मागच्या डब्यांत झोपलेली माणसं. जोरात बोल की ऑब.

“म्हणायचा, ऑब आहे ना उजवीकडे, मग मला काय भीती,” डल्सी म्हणाली. आणि चहा ओतला.

३१ डिसेंबर

दुपारी मैदानावर गेलो. रिंग उतरवायला दोन हमाल होते. त्यांच्याकडून रुळाचा तुकडा चौकटीसकट उचलून घेतला आणि क्लिफीच्या कोपऱ्याच्या उजव्या बाजूला ठेवला. एकच ठोका दिला. जोरात.

हमालांनी डोक्यावरचे गमछे काढले. एक म्हणाला, “कोण गेलं, अंकल?”

“माझा ड्रायव्हर,” मी म्हटलं.